उभ्या गाडीची बॅटरी

आमच्या बुलढाण्याला थंडीची मिजास आहे. विदर्भात राहून थंडीबद्दल बोलायला मिळणं ही चैनच, आणि चिखलदरा वगळलं तर ती आमच्याच वाट्याला आलेली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, साडेसहाशे मीटरच्या आसपास वसलेलं गाव. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारावर उतरला की अकोल्याच्या पाहुण्याला आम्ही मुद्दाम भल्या सकाळी चहाला बाहेर काढतो. पण थंडी आली म्हणून मोटारसायकल झाकून ठेवायची, असं चिखलीच्या नाहीतर मेहकरच्या चौकात बोलून पाहा. लोक आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतील.

कारण हिवाळा हाच आमचा गाडी पळवायचा काळ. सोयाबीन विकून झालेलं, कापसाचे एक-दोन वेचे घरात आलेले, हरभरा आणि गहू रानात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. शेगावची वारी, 12 जानेवारीला सिंदखेडराजाची जिजाऊ जयंती, मधेच कुणाची तरी सोयरीक. रब्बीच्या पाण्याची तर वेगळीच कथा. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कानटोपी बांधून, पोराचं जुनं जर्किन चढवून माणूस दीड-दोन वाजता विहिरीकडे निघतो. हेडलाइटच्या उजेडात आधी साप बघायचा, मग मोटरची पेटी. अशा वेळी गाडीनं सेल्फ घेतला नाही तर हरभऱ्याचं पाणी चुकतं. तेव्हा हिवाळ्यात गाडी ठेवून देणं वगैरे आमच्या पंचांगात नाही.

माझा एक आतेभाऊ टोरांटोला असतो. तिकडे मात्र हे पंचांगात पक्कं आहे. नोव्हेंबरात बर्फ सुरू झाला, त्यावर रस्त्यांत मीठ पडायला लागलं की मोटारसायकल गॅरेजात जाते ती एप्रिलपर्यंत. तो बॅटरी काढून घरात आणतो आणि तिला एक छोटा चार्जर लावून ठेवतो, बॅटरी भरली की आपोआप हात आखडता घेणारा. फोनवर तो या बॅटरीबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तशा सुरात बोलतो. मागच्या वेळी त्यानं विचारलं, तुमच्याकडे गाड्या किती दिवस उभ्या असतात रे? त्याला वाटलं होतं मी पावसाळा सांगेन.

आमच्याकडे गाडी ऋतूमुळे उभी राहत नाही. माणूस गेला की उभी राहते. कुणी चाकणला कंपनीत लागतो, कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो, कुणी सुरतेला जातो. पण सगळ्यांत जास्त काळ उभी राहते ती जवानाची गाडी. जिल्ह्यातली कितीतरी पोरं सैन्यात आणि निमलष्करी दलांत आहेत. नोकरी लागली, पहिली मोठी रजा मिळाली की पोरगा आधी घराचा स्लॅब टाकतो आणि मग गाडी घेतो. जमलं तर सैन्याच्या कॅन्टीनमधून, कारण तिथे चार पैसे कमी लागतात. ती गाडी तो वर्षातून दोन-तीन महिने चालवणार, तेही तुकड्यातुकड्यांत. उरलेले नऊ-दहा महिने ती ओसरीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या सतरंजीखाली. माझ्या पुतण्याची अशीच आहे. तो उत्तरेत सीमेवर. गाडी मेहकरकडच्या गावी, माझ्या भावजयीच्या ताब्यात. भावजय गाडी चालवत नाही, माझा भाऊ आता राहिला नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आणि हळदीकुंकू मात्र कधी चुकत नाही. आरशावर पुतण्यानं बांधलेली रिबीनसुद्धा तिनं सुटू दिलेली नाही.

आणि तरीही दर रजेत तो आल्यावर पहिल्याच सकाळी गाडी नुसती ‘टक्’ म्हणून गप्प बसायची. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या. भावजयीला हे मनाला लागलं होतं. गाडी कुणी हलवली नाही, पावसात भिजली नाही, पोरांना सीटवर चढू दिलं नाही. मग बॅटरी गेली कशी? आपण काही केलंच नाही तर बिघडेल कसं, हा तिचा प्रश्न रास्त होता. पंख्याला, शिलाई मशीनला, जात्याला तो नियम लागू आहे. बॅटरीला नाही.

शिसं आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं 1859 मध्ये बनवली, आणि आजही तुमच्या-माझ्या गाडीत मुळात तीच आहे. सहा कप्पे, प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या थोडे वर, मिळून बारा-साडेबारा. एका पट्टीवर शिशाचा ऑक्साइड, दुसरीवर मऊ सच्छिद्र शिसं, मधे पाण्यात मिसळलेलं आम्ल. वीज बाहेर जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं आणि आम्लाचं पाणी होत जातं. चार्ज केलं की उलटा प्रवास. सल्फेट ताजं असेपर्यंत बारीक असतं, परत विरघळतं. पण उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडली तर त्या बारीक कणांचे टणक खडे बनतात. ते पट्ट्यांची भोकं बुजवतात आणि मग चार्जर कितीही वेळ लावा, पुरते निघत नाहीत. गाडी उभी असली तरी आतली ही रसायनशाळा चालू असते. दावणीला बांधलेला बैल नांगराला जुंपला नाही म्हणून त्याची वैरण बंद करता येते का, तसंच हे.

काही न करता बॅटरी महिन्याला चार-पाच टक्के तरी आपोआप उतरते. हे तिचं स्वतःचं गळणं. त्यावर गाडीचं चोरटं पिणं वेगळं. हल्लीच्या गाड्यांत घड्याळ आहे, इंजिन सांभाळणारा छोटा संगणक आहे. चावी काढली तरी यांना थेंब थेंब वीज लागते. शंभर सीसीच्या साध्या गाडीची बॅटरी तीन अँपिअर-अवरच्या आसपास असते. गाडी बंद असताना फक्त दोन मिलिअँपिअर जात असतील, तरी दिवसाला अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर-अवर गेले. म्हणजे दोन महिन्यांत भरलेली बॅटरी कोरडी, आणि नुकसान सुरू व्हायला कोरडी होण्याची वाट बघावी लागत नाही. अर्धी उतरली तरी पुरे. बाजारातून चोरीचा अलार्म किंवा जीपीएस बसवून घेतला असेल तर महिन्यांचं गणित आठवड्यांवर येतं. सीमेवर बसलेल्या पोराला गाडी चोरीला जाऊ नये म्हणून अलार्म हवा असतो आणि तो अलार्मच गाडी जागेवर बसवतो. एका अर्थी चोरी टळतेच.

आता थंडीचं. थंड देशांतल्या सगळ्या सल्ल्यांत बॅटरीला उबेत ठेवा असं असतं, आणि आपल्याकडचे हौशी लोक ते जसंच्या तसं उचलतात. मी एकाला हिवाळ्यात गाडीवर गोधडी घालताना पाहिलं आहे. आमच्या दहा-बारा अंशांनी बॅटरीचं फार काही वाकडं होत नाही. तिचा जोर थोडा कमी पडतो आणि इंजिनातलं ऑइल जड झाल्यानं सेल्फला थोडं जास्त रेटावं लागतं, एवढंच. उलट उभ्या बॅटरीला थंडी मानवते. आपोआप उतरण्याचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. म्हणजे बॅटरीचा खरा वैरी आमच्याकडे घाटाखाली बसलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्यात माणूस घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. राजूर घाट उतरून मलकापूरच्या बाजूला गेलं की मे महिन्यात वारा तोंडावर भट्टीसारखा येतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस ही तिथे बातमी नसते. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. त्या उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, पट्ट्यांची जाळी गंजते, गळती वाढते. मलकापुरातल्या एका जुन्या मेकॅनिकनं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. “बॅटरी मे महिन्यात मरते सायेब, गिऱ्हाइकाले दिवाळीनंतर समजते.” उन्हाळाभर ती अर्धमेली असूनही गरम इंजिनाला फिरवून नेते. डिसेंबरात ऑइल जड झालं, थोडा जास्त जोर मागितला की कोसळते आणि थंडीच्या नावानं बोंब. ऊन मारतं, थंडी नुसता पंचनामा करते.

सबंध जिल्ह्यानं एकाच वेळी गाड्या ठेवून देण्याचा प्रकार आमच्या आठवणीत एकदाच झाला, 2020 मध्ये. 25 मार्चपासून टाळेबंदी लागली ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर. टोरांटोच्या गाड्या निदान थंडीत तरी विसावतात. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या राहिल्या. निर्बंध सैल झाले तेव्हा सकाळी सकाळी गल्लीगल्लीतून माणसं आपापल्या गाड्या ढकलत होती. उतारावर राहणाऱ्यांना तेव्हा आपल्या घराची किंमत कळली असेल.

त्यात पुन्हा गाडी बदललेली. जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांना बॅटरी मेली तरी फिकीर नसे. ठिणगी मॅग्नेटोकडून, हेडलाइटही त्याच्याकडून. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. किक मारली की निघाले. अशा गाड्या आमच्याकडे वर्षानुवर्षं मेलेल्या बॅटरीनं चालल्या आणि हॉर्नऐवजी तोंडानं ‘ओ’ करून काम भागलं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत चालू राहायला लागला. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा आलं, बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंधन फवारणारी इंजेक्शन यंत्रणा आली. तिला पंप लागतो, पंपाला वीज. कित्येक मॉडेलांची किकही गेली. जिथे आहे तिथेही बॅटरी पार बसली असेल आणि पंपच फिरत नसेल, तर किक मारून पायच दुखणार.

पुतण्यानं जाताना आईला सांगून ठेवलं होतं, गाडी अधूनमधून चालू करत जा. आईनं ते मनापासून पाळलं. “रोज सकाळी एकडाव बटन दाबते न भाऊजी. आवाज आला का मंग बंद,” ती मला म्हणाली. दिव्यात तेल घालावं तितक्या नेमानं चाललेलं ते काम बॅटरीच्या मुळावर येत होतं. सेल्फ एका-दोन सेकंदांत हेडलाइटच्या कितीतरी पट वीज ओढतो. ती परत भरायला गाडी वेगात चालायला हवी. जागेवर मंद चालणारं इंजिन जेमतेम वीज देतं, आणि तीही समोर भकाभका जळणारा हेडलाइट नि पंप खाऊन टाकतात. दोन मिनिटांनी इंजिन बंद केलं की जमेपेक्षा खर्च जास्त. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइल नीट तापत नाही. तिच्या प्रेमात खोट नव्हती, सल्ला अर्धवट होता. आणि हा अर्धवट सल्ला घराघरांत चालू आहे. लेकरू कामाला बाहेर, मागे राहिलेलं कुणीतरी रोज गाडीचं बटन दाबतंय. माझा तर संशय आहे की पुष्कळ ठिकाणी बटन गाडीसाठी दाबलंच जात नाही. त्या आवाजासाठी दाबलं जातं. तो आवाज आला की पोरगा अंगणातून निघतोय असं वाटत असणार. यावर कुठल्या मेकॅनिकनं काय बोलावं?

तर तिनं हे सांगितलं त्या दिवशी आम्ही बॅटरी बाहेर काढली. बाजूचं पॅनेल उघडलं, आत रबराच्या पट्ट्यानं आवळलेली ती लहानशी काळी पेटी. वायरी सोडताना आधी काळी, मग लाल. हे एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती असताना लालवर पाना घातला आणि पान्याचं दुसरं टोक सांगाड्याला टेकलं की ठिणगी उडून पान्याचाच वेल्डिंग रॉड होतो. बसवताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी आली होती. तिच्यावर खाण्याचा सोडा घालून कोमट पाणी सोडलं तेव्हा ती फसफसली. जुन्या टूथब्रशनं घासलं, ओल्या फडक्यानं पुसलं, कोरडं केलं. भावजय शेजारी उभी राहून बघत होती. “एवढीशीच हाये का ही?” म्हणाली. नऊ महिन्यांची काळजी ज्या वस्तूमुळे झाली ती तिच्या तळहाताच्या दीडपट होती.

बॅटरी ठेवायची कुठे यावर घरात मतभेद झाले. शेजारचे काका म्हणाले, फरशीवर ठेवू नका, फरशी वीज ओढते, पाटावर ठेवा. ही समजूत जगभर आहे आणि ती एकेकाळी खरी होती. लाकडी, डांबर लावलेल्या, पुढे कडक रबराच्या पेट्या ओलाव्यानं पाझरत, तेव्हा जमीन खरोखर वीज खात असे. आता प्लॅस्टिकच्या पेटीला फरशी काय आणि पाट काय. पण काकांचा मान म्हणून पाट घेतला. भावजयीनं तो पाट देव्हाऱ्यापाशी मांडला, तिथे मात्र मी हरकत घेतली. चार्ज होताना बॅटरीतून थोडा हायड्रोजन निघू शकतो, आणि समईची ज्योत व हायड्रोजन यांचं एका कोपऱ्यात राहणं बरं नाही. शेवटी मधल्या खोलीच्या खिडकीत जागा ठरली.

चार्जर मोटारसायकलचाच घ्यावा. गॅरेजातल्या, ट्रॅक्टरची बॅटरी उकळून काढणाऱ्या यंत्राला ही लावू नये. नियम सोपा आहे: बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह. तीनची असेल तर पॉइंट तीन अँपिअर, नऊची असेल तर पॉइंट नऊ. मग काही तास शांत ठेवून मीटरनं बघायचं. साडेबाराच्या वर, बारा पॉइंट सहा ते आठ आला तर पोट भरलंय. बारा पॉइंट चारच्या खाली गेला की पुन्हा लावायचा. बारावर आला तर उशीर होत चाललाय. काही शे रुपयांचा मल्टिमीटर मी तिथेच ठेवून आलो. भावजय आता दर अमावास्येला आकडा वाचून पुतण्याला पाठवते. तो तिकडून उत्तर देतो.

तो आहे तिथली थंडी ही खरी थंडी. त्यानं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली, आणि ती पडताळली तर रसायनशास्त्रही तेच सांगतं. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत आम्लाचं जवळजवळ पाणीच झालेलं असतं; ते उणे आठ-दहावरच गोठतं, फुगतं आणि पेटी तडकते. तिथे बॅटरी भरलेली ठेवणं ही ड्युटी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला पहाटे वरिष्ठ जे काही ऐकवतात ते त्यानं मला सांगितलं, पण इथे छापता येणार नाही.

या सगळ्या खटाटोपाबद्दल आता माझं एक मत झालं आहे. बॅटरी काढून घरात ठेवणं चांगलं, चार्जर चांगला, मीटर चांगला. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल आणि मागे कुणी चालवणारं नसेल तर हे सगळं कराच. निदान काळी वायर तरी काढून ठेवा, म्हणजे चोरटं पिणं बंद होईल. आणि गाडी पत्र्याखाली असेल तर उन्हाळ्यात सावलीच्या भिंतीकडे सरकवा. बॅटरी गेलीच तर जुनी दुकानदाराला परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे उत्पादकावर ती परत घेण्याची जबाबदारी आहे. भंगारवाला ती फोडून आम्ल नालीत ओततो, आणि ती नाली कुणाच्या तरी विहिरीकडेच जाते.

पण चालवणारं कुणी असेल तर यातलं काहीही करू नका. आपल्याकडे गाडीची चावी देणं जिवावर येतं. भांडी देऊ, पैसे उसने देऊ, चावी म्हटलं की गाडी ‘सर्व्हिसिंगला’ असते. जवानाच्या गाडीला तर कुणी हात लावत नाही, कारण ती त्याची आठवण म्हणून उभी असते. पुतण्यानं गेल्या रजेत जाताना चावी शेजारच्या पोराला दिली. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालव, पेट्रोल तुझं तू टाक, आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर ने, एवढ्या अटीवर. ते पोरगं मेहकरला कॉलेजात जातं. गाडीवर एक ओरखडा पडला आहे, आरशावरची रिबीन गेली आहे, आणि बॅटरी साडेबाराच्या खाली आलेली नाही.

तुमच्या घरी अशी एखादी गाडी झाकलेली असेल तर सतरंजी काढा आणि चावी कुणाला तरी द्या. फक्त त्याच्याकडे लायसन्स आहे आणि गाडीच्या विम्याची मुदत संपलेली नाही, एवढं आधी बघून घ्या.